रंगशिळेवर ओली पावलं

खरवळी, चाकणवरून
२ ऑक्टोबर १९५६

पिंपळे गुरवच्या यशोदाबाईंना खरवळीच्या मंजुळा गुरविणीचा रामराम.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. इंदूच्या लग्नात यादीवर अंगठा उठवला तेव्हा तुम्ही पदराआड हसला होतात. तेव्हा मी बोलते आणि अजीज लिहितो. अजीज म्हणजे देवळासमोरचा शिंपी. दाढी पिकत आली तरी अजून मला भितो. माणूस सरळ, पण माझ्या 'न्हाई'चं 'नाही' करतो आणि शिव्या गाळतो. पत्र गोड लागलं तर दोष त्याचा.

मुद्दा असा. त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली. माझी नात तुमच्या घरी दिली म्हणजे विकली नाही. गेल्या त्रिपुरीला ती आली, नाचली, गेली. यंदा तिला जरा आधी पाठवा. सिद्धेश्वराच्या पुढ्यात, मंडपातल्या गोल रंगशिळेवर, डोक्यावर परातीत दिवा घेऊन तीन फेरे आमच्या घरच्या सवाशिणीने घालायचे असतात. मी घातले, माझ्या सुनेने घातले. सून देवाघरी गेली. माझं कपाळ तुम्ही बघितलंच आहे. माझ्या चिमाजीने दुसरी केली नाही, तो नुसता मृदंग बडवतो. आता आमच्या घरची म्हणावी अशी, पायात जोडवी असलेली, एकटी इंदू.

आमच्याकडे पायात चाळ बांधत नाहीत, हे तुमच्या शेजारणींना सांगा. दगडावर जोडवी वाजतात तोच ठेका. आणि एक वर्ष जरी शिळा रिकामी राहिली, तर तिच्यावर तांब्याची परात पालथी घालतात. ती पुन्हा कुणी उचलत नाही. मी जिवंत असताना ती परात पालथी बघायची माझी तयारी नाही.

सोबत साडीचोळी. चोळी अजीजने शिवली आहे. मापात चूक असेल तर तुमच्या घरी तिला जेवायला कमी मिळतं असं समजेन.

मंजुळा


पिंपळे गुरव
८ ऑक्टोबर १९५६

मंजुळाबाई यांस,

मी चौथी शिकले आहे. त्यामुळे माझे पत्र मीच लिहिते आणि त्यातल्या चुकाही माझ्याच असतात.

सून येणार नाही. साडीचोळीचे बोचके हे घेऊन येत आहेत, ते उंबऱ्याबाहेर ठेवून परत फिरतील. त्यांना चहा विचारू नये, त्यांना तुमच्याकडचा चहा सोसत नाही.

कारण विचाराल म्हणून लिहिते. आमचा मालोजी पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात लागला, हे तुम्हाला सांगायला नको, लग्नाच्या वेळी तुम्हीच गावभर सांगत होतात. तिथे शिफ्टला त्याच्या शेजारी साताऱ्याचा एक जण उभा असतो. तो विचारतो, "राव, वहिनी नाचतात म्हणे, कुठल्या तमाशाच्या पार्टीत?" मालोजी घरी येऊन जेवत नाही. तिकडे कोण कुणाला समजावणार, की हा नाच देवापुढचा आहे आणि तो नाच लोकांपुढचा?

आम्हीही गुरवच आहोत. आमच्या घरचे देवापुढे सनई वाजवतात. आमच्या बायका बेल निवडतात. तेवढे देवाला पुरते.

तुमच्या शिळेवर परात पालथी पडली तर त्यात पीठ मळता येणार नाही, एवढेच नुकसान.

यशोदा


खरवळी
१६ ऑक्टोबर १९५६

यशोदाबाईंना दसऱ्याचं सोनं, पत्रातूनच, कारण हातात द्यावं एवढं प्रेम नाही.

तुमच्या दौलतरावांनी चहा घेतला. दोन कप. तिसरा मीच दिला नाही. बिचारा घरात जपूनच पीत असणार.

तुमचं पत्र अजीजने मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा त्याला हसू येत होतं. पीठ मळायची गोष्ट बरी सुचली तुम्हाला. पिठाच्या पलीकडे कधी काही बघितलंत का पण? लग्नाला आलात तेव्हा मांडवात बसून मानपान मोजत होतात. शंभर पावलांवर देऊळ, तिकडे फिरकला नाहीत.

आमच्या खांबांवर बायका कोरल्या आहेत. एक आरशात बघते, एक मृदंग धरते, एक पायातला काटा काढते. कुणी घडवल्या, कधी घडवल्या, चिमाजीच्या बापालाही ठाऊक नव्हतं. माझी आजेसासू सांगायची, की मधली शिळा आधी घातली आणि भोवती देऊळ नंतर बांधलं. खरं खोटं सिद्धेश्वराला माहीत.

आणि हा मान आम्हाला कुणी लिहून दिलेला नाही. आधी तो नदीपलीकडच्या घराकडे होता. त्यांची बाई ऐन पौर्णिमेला उभी राहीना, म्हणून माझी आजेसासू चढली. तेव्हापासून तो आमचा. ज्या घरची पावलं, त्या घरचा मान. म्हणून तर जिवाचा आटापिटा. माहेरची साडी नेसून माहेरवाशीण नाचली की मान माझ्या उंबऱ्यात राहतो.

तुम्ही एकदा येऊन बघा. मला भेटू नका, मलाही हौस नाही. कुंडावर पाय धुवा, आत जा, डोळे भरून बघा, आणि मग सांगा की तिथे उभं राहायला तुमच्या सुनेला लाज का वाटावी. कुणी आडवं येणार नाही. दुपारी देवळात कुणीच नसतं.

मंजुळा


पिंपळे गुरव
२६ ऑक्टोबर १९५६

मंजुळाबाई यांस,

तुमच्या आव्हानाला भिऊन नव्हे, आळंदीला जायचे होते, तिथून चाकणला मावशीकडे जायचे होते, म्हणून बुधवारी वाट वाकडी केली.

खोटे लिहिणार नाही. मला वाटले होते, ओंगळ काहीतरी असेल. तसे नाही. कुंडाचे पाणी गार होते. पाय धुऊन आत गेले तर उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेना. वटवाघळांचा वास, तेलाचा वास. मग हळूहळू त्या बायका दिसू लागल्या. काटा काढणारीचे नाक फुटले आहे, तरी तिचा पाय दुखतो आहे हे कळते. मृदंगवालीची बोटे कुणाच्या तरी तेलहातांनी गुळगुळीत झाली आहेत. मीही लावला हात.

मधल्या गोल दगडावर उभी राहिले. वर छताला उलटे कमळ आहे, ते तुम्ही लिहिले नव्हते. नीट दिसावे म्हणून दगडावरच एकदा गोल फिरून पाहिले. मान दुखली. मग देवाला हात जोडले आणि निघाले.

आता निकाल ऐका. देऊळ चांगले आहे. तुमच्या घराण्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे. पण दगडाच्या बायकांना कुणी काही म्हणत नाही. माझ्या सुनेला म्हणतात. ती येणार नाही.

दिवाळीचा फराळ पाठवू नये. गेल्या वर्षीच्या तुमच्या कडबोळ्यांनी ह्यांचा दात हलला.

यशोदा


खरवळी
३० ऑक्टोबर १९५६

यशोदाबाई, बसून वाचा.

दसऱ्यापासून त्रिपुरीपर्यंत आमची शिळा जागी असते. या दिवसांत गावातली लेकुरवाळी तिच्या कडेकडेने जाते, पोरं वळसा घालतात. कारण जी सवाशीण ओल्या पावलांनी तिच्यावर चढली आणि एक फेरा फिरली, तिने पहिला फेरा घातला असं धरतात. उरलेले दोन तिने पौर्णिमेला दिव्यासकट पुरे करायचे, नाहीतर तिच्या घरच्या दुसऱ्या सवाशिणीने. फेरे अर्धे टाकून गेलेल्या घराचं काय होतं ते मी सांगत नाही. तुम्ही चौथी शिकला आहात.

तुम्ही म्हणाल, हे आत्ता रचलं. गावात कुणालाही विचारा. अजीजलाही ठाऊक आहे, आणि तो नमाज पढतो.

तुम्ही म्हणाल, देवळात सांगायला कुणी नव्हतं. होतं. काटा काढणारीच्या खांबामागे मी बसले होते, वाती वळत. तुम्ही पाय धुऊन आलात. पदर सावरलात. मृदंगवालीला हात लावलात. मग चढलात. तुमची जोडवी वाजली, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, आणि माझ्या हातातली वात खाली पडली. मी तोंडातून ब्र काढला नाही. एवढी मोठी मासळी आपणहून जाळ्यात येत असताना कोण ओरडतं?

अजीज म्हणतो, आजी, हे तरी लिहू नका. मी म्हटलं, हेच लिही.

तेव्हा तुमच्यापुढे दोनच वाटा. एक, तुमचं एवढं थोरलं शरीर घेऊन पंचक्रोशीसमोर स्वतः नाचायचं. दोन, तुमच्या घरची दुसरी सवाशीण पाठवायची. तिचं नाव इंदू आहे, आठवण असावी म्हणून सांगते.

साडीचोळी पुन्हा पाठवत आहे. या वेळी दौलतरावांना दमवू नका.

मंजुळा


पिंपळे गुरव
६ नोव्हेंबर १९५६

मंजुळाबाई,

खांबाआड बसून बाईमाणसाचे पाऊल चुकण्याची वाट पाहणाऱ्या म्हातारीला काय म्हणतात ते मला लिहिता येते. पण पत्र अजीजभाई वाचणार, त्यांच्या तोंडाला विटाळ नको.

आता तुम्हीही बसून ऐका.

इंदूला मी अडवलेले नाही. सांगणार नव्हते, तिनेच गळ घातली होती, की नाही म्हणायचे ते तुम्ही म्हणा, आजीला वाईट वाटेल. म्हणून महिनाभर तुमच्या शिव्या मी खाल्ल्या. साताऱ्याचा माणूस खरा आहे, पण त्याला मालोजीने केव्हाच गप्प केले. खरे कारण तुमच्या देवळातले आहे.

गेल्या त्रिपुरीला दुसऱ्या फेऱ्याला दाराशी उभ्या असलेल्या कुणीतरी शिट्टी घातली. मग ओरडला, "आणखी एक होऊ द्या." दिवा डोक्यावर होता, तिला मान वळवता येईना. तिने तुमच्याकडे डोळे केले. तुम्ही हसत होतात. शेजारणीला म्हणालात, "बघा, देवाला आवडलं ते माणसांनाही आवडतंय." तिला ते ऐकू आले. तिसरा फेरा तिने कसा घातला ते तिचे तिला माहीत. घरी आल्यावर तिने जोडवी काढून फडताळात ठेवली. सवाशीण बाई, भरल्या घरात, अनवाणी बोटांनी वावरत होती. मी ओरडले तेव्हा रडली आणि हे सगळे सांगितले.

तुम्ही मला नाच शिकवता. आधी हसायचे कुठे नाही ते शिका.

आता तुमच्या जाळ्याचे. सोळा तारखेच्या पत्रात तुम्हीच लिहिले आहे, ज्या घरची पावले, त्या घरचा मान. इंदू माहेरवाशीण म्हणून आली असती तर मान तुमच्याकडे राहिला असता. माझे राहिलेले फेरे पुरे करायला ती आली तर ती माझ्या घरची सून म्हणून येईल. म्हणजे मान पिंपळे गुरवला. मासळी धरताना जाळे कुणाच्या घरचे ते पाहायचे राहून गेले तुमचे.

पण तिला पाठवणार नाही. मी स्वतः येत आहे. शरीर थोरले आहे, फेरे दोनच आहेत.

साडीचोळी परत. मी माझ्या घरची साडी नेसेन.

यशोदा


खरवळी
१० नोव्हेंबर १९५६

यशोदाबाई,

तुमचं पत्र वाचताना अजीज मध्येच थांबला. मी म्हटलं, वाच. तो म्हणाला, पुढचं बरोबर दिसत नाही. मी म्हटलं, दिसत नसेल तर चष्मा पूस. मग त्याने वाचलं.

हसले असेन. माझी हसायची सवय आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. माझ्या काळी दारात उभे राहणारे गावचे होते, त्यांच्या आया मला ओळखत होत्या. गेल्या वर्षी कोण कुठून आलेले, मला काय माहीत? एवढंच बोलते. याहून जास्त तुमच्यापुढे बोलणार नाही. इंदूशी काय बोलायचं ते माझं मी बघेन.

राहिलं मानाचं. तुम्ही नाचू नका. मी गावकीला सांगते, फेरा धरला नाही, बाई परगावची होती, जाऊ द्या. परात पालथी घालू. माझ्या हाताने घालेन. माझ्या घराचा मान माझ्या घरात मेलेला चालेल, तुमच्या पदरात गेलेला चालणार नाही.

मंजुळा


पिंपळे गुरव
१३ नोव्हेंबर १९५६

मंजुळाबाई,

दोन ऑक्टोबरला लिहिलेत, जिवंतपणी परात पालथी बघणार नाही. दहा तारखेला लिहिता, माझ्या हाताने घालेन. अंगठेबहाद्दर असण्याचा हा तोटा. आपण काय बोललो ते पुन्हा वाचून बघता येत नाही.

मी येते. परात घासून ठेवा.

यशोदा


खरवळी
२१ नोव्हेंबर १९५६

यशोदाबाईंना, मान मिळाल्याबद्दल काहीही नाही.

पौर्णिमेला मी देवळात होते पण गाभाऱ्याकडे तोंड करून, तुमच्याकडे पाठ करून बसले होते. सगळ्या गावाने बघितलं. बघावं म्हणूनच बसले होते. त्यामुळे तुमचा नाच मी पाहिला नाही. ऐकला. कान अजून शाबूत आहेत.

चिमाजी संथ वाजवत होता, तरी तुम्ही त्याच्या मागे. उखळ फिरवावं तसं पाऊल. उजव्या पायाची जोडवी आधी वाजायला हवी, तुमची डावी वाजत होती. दिव्याचं तेल सांडलं, त्याचा चट्टा शिळेवर आहे. मी पुसू दिला नाही. तुमची सही समजा, तुम्हाला लिहिता येतं ना.

मग दाराकडून कुणीतरी ओरडलं, "अहो काकू, आणखी एक." मृदंग थांबला. तुमची जोडवी थांबली. मला वाटलं, दिवा पडणार. पण तुम्ही त्या आवाजाला म्हणालात, "पुढं या. परात जड आहे, जरा धरा." एवढंच. चढा आवाज नाही. दारातून कुणाच्या तरी वहाणा घाईने गेल्या. मग तुमची डावी जोडवी पुन्हा वाजली.

मी हसले नाही. हे ऐकायचं असेल म्हणून सांगते.

आता एक गोष्ट. शेवटच्या फेऱ्याला शिळेवर दोघींची जोडवी वाजत होती. तुमची दमलेली, आणि दुसरी, उजवी आधी, बरोबर ठेक्यावर. ती जोडवी चाकणच्या सोनाराकडून मीच घडवून घेतली होती, रुपं जास्त घालून, आवाज भरीव यावा म्हणून. मी वळले नाही. पाठ करून बसायचं ठरवलं की बसायचं. दुसरी कोण होती ते मी तुम्हाला विचारत नाही.

गावकीने ठरवलं, मान पिंपळे गुरवचा. मी हो म्हटलं. माझा अंगठा घेतला. या वेळी कुणी हसलं नाही.

मंजुळा


पिंपळे गुरव
२७ नोव्हेंबर १९५६

मंजुळाबाई यांस,

दुसरी कोण ते तुम्ही विचारले नाही, म्हणून सांगत नाही. वळून पाहिले असते तर सांगायची गरजही पडली नसती. तिला मी बोलावले नव्हते. ती खांबाशी उभी होती. मी दमले, तेव्हा तिने येऊन परातीची एक कड धरली. उतरताना ती तुमच्या पाठीकडे बघत थांबली होती. बराच वेळ. मग मीच तिला चल म्हणाले.

फडताळ रिकामे आहे, एवढे कळवते.

डावी-उजवी चुकली हे मान्य. चूक दाखवायची तर समोर बसून दाखवावी लागते. पाठीने कुणाला नाच शिकवता येत नाही. पुढच्या त्रिपुरीआधी आम्ही दोघी दसऱ्यालाच येऊ. राहू मावशीकडे, तुमच्याकडे नाही. तुम्ही कुठे तोंड करून बसायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

आणि परात घासून ठेवा म्हणाले होते. घासली नव्हती. माझ्या कपाळाला लागलेले काळे अजून निघत नाही.

यशोदा